आधी गळ, मग काठी

पत्र : ‘नमस्कार. मी ३४ वर्षांची, इंदूरला स्नेहनगरात राहते. लहान असताना बाबा मला स्कूटरवर पुढे उभी करून चोरलला न्यायचे, कधी बडवाहला नर्मदेवर. बांबूची काठी, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि कणकेची गोळी, एवढ्यावर अख्खा दिवस जायचा. आता ते ६८ वर्षांचे आहेत. एप्रिलच्या अखेरीस आम्ही दोघं हिमाचलला तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी जाणार आहोत. नंतर ऑगस्टपासून सहा महिने ऑफिसच्या कामासाठी मला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गला राहायचं आहे. तिथल्या सस्क्वेहॅना नदीत स्मॉलमाउथ बास भरपूर, असं ऐकते. सामान घ्यायला गेले तर दोन रॉड, दोन रील, फ्लायचा (पिसांच्या नकली किड्याचा) वेगळा संच, आमिषांचे चार डबे अशी लांबलचक यादी हातात पडली. एकच रॉड दोन्हीकडे चालणार नाही का? फ्लाय शिकावंच लागेल का? आणि बाबांचं काय करू? त्यांचं उजवं मनगट दुखतं, आणि रीलला ते हात लावायला तयार नाहीत. “काठीला चाक कशाला?” म्हणतात.’

ताई, ती यादी तूर्त घडी घालून ठेवून द्या. तिच्यातली एकेक वस्तू बरोबर असेलही, पण ती उलट्या टोकानं लिहिलेली आहे. दुकानात खरेदी रॉडपासून सुरू होते, कारण भिंतीला उभे केलेले रॉड आधी नजरेत भरतात. नदीवर सगळं दुसऱ्या टोकापासून ठरतं. मासा काय खातो त्यावरून आमिष केवढं आणि किती ग्रॅमचं ते ठरतं. तेवढं वजन नीट फेकता यावं म्हणून लाइन किती जाड ते त्यानंतर. ती लाइन पेलणारा रॉड मग, आणि रील सगळ्यात शेवटी. हा क्रम एकदा डोक्यात बसला की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं पुष्कळशी आपोआप सुटतात.

ट्राउटपासून सुरुवात करू, कारण तीर्थन आधी आहे. तिथे पोचलात की पहिल्या सकाळी रॉड पिशवीतच राहू द्या. काठाला घोट्याएवढ्या वाहत्या पाण्यात उतरा आणि दोन्ही हातांत मावेल असा एक दगड उचलून उलटा करा. खालच्या अंगाला वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेल्या, तांदळाच्या दाण्याहून जराशा मोठ्या नळ्या दिसतील. ती कॅडिस नावाच्या किड्याच्या अळ्यांची घरं. एखादी नळी तळहातावर घेऊन थोडं थांबलात, तर पुढच्या टोकातून काळपट डोकं आणि पाय हळूच बाहेर येतात. शेजारी चपटे, दगडाला पोट घासत सरकणारे किडे असतील. त्यांच्या शेपटीला तीन केस असले तर बहुधा मेफ्लायची पिल्लं, दोन असले तर बहुधा स्टोनफ्लायची. बघून झालं की दगड होता तसा, त्याच बाजूनं परत ठेवा. ट्राउटची रोजची भाजीभाकरी ही. मोठा ब्राउन ट्राउट लहान मासेही खातो, पण त्याचं पोट मुख्यतः या बोटाच्या पेराहूनही लहान जिवांवर चालतं.

म्हणजे आमिष लहान हवं. फिरत्या पात्याचा स्पिनर घ्या, पात्याचा नंबर १, फार तर २, वजन २ ते ४ ग्रॅम. सोन्याच्या रंगाचा एक, चांदीचा एक, काळं पातं असलेला एक. त्यापलीकडे डबे भरायचं कारण नाही. दुकानातल्या बहुतेक स्पिनरांना तिहेरी गळ असतो. तो काढून एकेरी गळ लावून घ्या, आणि त्या गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करा. मासा निसटेल ही भीती असते. लाइन ताणलेली ठेवली तर क्वचितच निसटतो, आणि सोडताना त्याचा जबडा फाटत नाही.

आता बास. या माशाला काय आवडतं ते विचाराल तर क्रेफिश. आपल्या नद्यांत हा प्राणी नाही, म्हणून सांगतो : शेवंडाचं बोटभर लांबीचं, गोड्या पाण्यातलं भावंड समजा, पुढे दोन चिमटे असलेलं. ते दगडाखाली राहतं आणि घाबरलं की शेपटी आपटून उलटं, मागच्या मागे उडी मारतं. स्मॉलमाउथचा अर्धा जन्म त्या उडीवर नजर ठेवण्यात जातो. म्हणून त्याच्यासाठीचं आमिष तळाशी चालवायचं असतं : रबराची पोकळ ट्यूब, किंवा जिला नेड रिग म्हणतात ती, म्हणजे सपाट डोक्याच्या छोट्या शिशाच्या गळावर बोटाएवढा रबरी तुकडा. रंग शेवाळी, तपकिरी, ओल्या दगडाचा. वजन ३ ते ७ ग्रॅम. पहाटेसाठी पाण्यावर ‘गुळुक’ आवाज करत चालणारा एखादा पॉपर बरोबर असू द्या. ऑगस्टमधल्या उथळ, कोमट पाण्यात सूर्य वर येण्यापूर्वीचा अर्धा तास त्याचाच असतो.

आता हिशोब मांडा. ट्राउटला २ ते ४ ग्रॅम, बासला ३ ते ७. हे आकडे एकमेकांत शिरलेले आहेत. म्हणून हो, एकच रॉड चालेल. दोन्ही माशांसाठी तो अगदी सर्वोत्तम नसेल, पण दोन्हीकडे लाज राखेल, आणि पहिल्या वर्षी तेवढं पुष्कळ. रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत दोन गोष्टी छापलेल्या असतात : किती वजनाचं आमिष आणि किती पाउंडाची, म्हणजे किती ताण सोसणारी, लाइन. आमिष साधारण २ ते १० ग्रॅम आणि लाइन ४ ते १० पाउंड असं लिहिलेला, साडेसहा फुटी, चार तुकड्यांत मोडणारा रॉड शोधा. चार तुकडे अशासाठी की तो सुटकेसमध्ये मावतो. पॉवर आणि ॲक्शन या दोन शब्दांत बरेच जण गोंधळतात. रॉड वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर, आणि तो कुठून वाकतो ती ॲक्शन. तुम्हाला लाइट किंवा मीडियम लाइट पॉवर हवी, आणि टोकाकडून वाकणारी फास्ट ॲक्शन. तळाशी चाललेल्या ट्यूबला मासा नुसता ओठ लावतो, ते अशा रॉडमुळेच हाताला कळतं.

दोन नद्यांमधला खरा फरक लाइनमध्ये सांभाळायचा. रील २००० किंवा २५०० नंबरचं घ्या, पण त्याबरोबर जादा स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळायची चकरी, नक्की घ्या. दुसरा रॉड आणि दुसरं रील घेण्यापेक्षा हे किती तरी स्वस्तात पडतं. एका स्पूलवर ६ पाउंडाची साधी नायलॉन. ती थोडी ताणली जाते, त्यामुळे ट्राउटचा पहिला हिसका तीच झेलते. दुसऱ्या स्पूलवर १० पाउंडाची विणलेली ब्रेड, आणि तिच्या पुढे दीडेक मीटर ८ पाउंडाची फ्लोरोकार्बन. ब्रेड अजिबात ताणली जात नाही, म्हणून तळाचा प्रत्येक दगड बोटाला कळतो. पण ती दगडावर घासली की पटकन तुटते आणि पाण्यात ठळक दिसते. त्यासाठी पुढचा फ्लोरोकार्बनचा तुकडा.

नायलॉन जुनी घेऊ नका, आणि गेल्या वर्षीची वापरू नका. ऊन आणि पाणी दोन्ही तिला खातात. एक सवय आजपासूनच लावून घ्या : दर तासाला आमिषाजवळची हातभर लाइन अंगठ्याच्या नखावरून ओढून बघा. गुळगुळीत सरकली तर ठीक. कुठे किंचितही खरखर लागली तर तेवढा भाग कापून गाठ नव्यानं मारा. आणि गाठ आवळण्यापूर्वी जिभेनं ओली करा. कोरडी गाठ आवळताना घासून गरम होते आणि नेमकी तिथेच कमजोर पडते. मोठा मासा गेल्याच्या बहुतेक गोष्टी अशाच न तपासलेल्या हातभर लाइनमधून सुरू होतात.

रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा लाइन किती ताणावर सुटायची ते, अंदाजानं लावू नका. परदेशी जाणाऱ्या घरात सुटकेस तोलायचा काटा असतोच. लाइनचं टोक त्याला बांधा, बाबांना काटा धरायला सांगा, रॉड थोडा उचलून धरा आणि लाइन सरकायला लागते तेव्हा काट्यावर किती दिसतं ते वाचा. ६ पाउंडाच्या लाइनला ७०० ते ९०० ग्रॅम, म्हणजे तिच्या ताकदीचा पाव ते तिसरा हिस्सा. त्यापेक्षा घट्ट नको.

फ्लायबद्दल. शिकावीच लागेल असं नाही. ट्राउट म्हणजे फ्लाय, अशी एक समजूत इंग्रजांनी आपल्याकडे माशांबरोबरच आणून सोडली. १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये, १९०९ मध्ये कुल्लूत ब्राउन ट्राउट सोडले गेले, आणि त्यांच्यामागोमाग फ्लायचे शौकीन साहेब आले. स्पिनरनं ट्राउट उत्तम मिळतो. पण हॅरिसबर्गजवळ एक जागा आहे, तिथे गेल्यावर तुम्हाला फ्लायचा मोह होणारच. तिच्याकडे मी शेवटी येतो, कारण त्याआधी बाबांचं बोलायचंय.

काठीला चाकाची गरज जपानच्या डोंगरातल्या कोळ्यांनाही पडली नव्हती. त्यांच्याकडे टेन्कारा नावाची पद्धत चालत आलेली आहे : साडेतीन मीटरची हलकी काठी, तिच्या टोकाला बांधलेली जवळपास तेवढीच दोर, आणि दोरीला एक साधी फ्लाय. रील नाही, काठीवर कड्या नाहीत. तुमचे बाबा चोरलवर आयुष्यभर जे करत आले तेच, फक्त कणकेच्या गोळीऐवजी पिसाचा किडा आणि तरंग्याऐवजी डोळे. आजची टेन्कारा काठी कार्बनची, एकात एक सरकणारी असते. मिटली की हातभर लांबीची, आणि वजन साधारण १०० ग्रॅमच्या आत. ती फेकायला मनगट मोडावं लागत नाही. कोपरापासून हात वर आणायचा आणि समोर थांबवायचा. दुखऱ्या मनगटाला मला तरी याहून बरं काही माहीत नाही. दुकानात बाबांना घेऊन जा आणि काठी पूर्ण उघडून दहा मिनिटं त्यांच्या हातात राहू द्या. पहिल्या मिनिटात काहीच दुखत नाही. दहाव्या मिनिटाला कळतं.

आणि बांबूवर घडलेला हात इथे वाया जात नाही. फ्लायमध्ये सगळ्यात अवघड गोष्ट असते ती आमिष पाण्याच्याच वेगानं, न ओढता वाहू देणं. प्रवाहानं दोर ओढली की फ्लाय घसरते आणि ट्राउट तोंड फिरवतो. छोट्या दोरीच्या लांब काठीनं दोर पाण्याच्या वर उचलून धरता येते, फक्त फ्लाय पाण्यात. ज्या माणसानं वर्षानुवर्षं तरंग्याकडे टक लावलीय त्याला हे दोन दिवसांत जमतं. मर्यादा एकच. लाइन सोडायला रील नाही, त्यामुळे मोठा ट्राउट मुख्य धारेत शिरला तर माणसाला काठानं त्याच्या मागे पळावं लागतं. ६८ व्या वर्षी ओल्या दगडांवरून ते करायचं नाही. बाबांना मुख्य धार सोडून काठाकडचे कोपरे द्या, मोठ्या दगडांमागचे, गुडघाभर पाण्याचे. तिथले मासे लहान असतात, पण असतात. आणि एखादा मोठा लागलाच तर काठी माशाच्या दिशेनं सरळ करून दोर तुटू द्यायची, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्या.

आता पाणी वाचायचं. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो. ट्राउटच्या बाबतीत तो खळखळाटच कामाचा. दगडांवर आपटून फुटणारं पाणी हवा शोषून घेतं, किडे तिथेच वाढतात, आणि वरचा पृष्ठभाग फुटलेला असल्यामुळे वरून येणाऱ्या पक्ष्याला मासा दिसत नाही. खळखळाट जिथे संपून डोह सुरू होतो ती कड, आणि वेगवान धार संथ पाण्याला चाटून जाते ती शिवण, या दोन जागा पहिल्यांदा शोधा. मासा संथ बाजूला उभा राहतो आणि तोंड धारेकडे ठेवतो. बसल्या जागी ताटात वाढून येतं. मोठ्या दगडामागे मासा असतो हे सगळे सांगतात. दगडाच्या पुढेही, जिथे पाणी आपटून जरा थबकतं, तिथे एक उभा असतो, हे मात्र फार जण विसरतात.

ट्राउटचं तोंड वरच्या प्रवाहाकडे, म्हणून तुम्ही खालून वर चढायचं. वाकून, सावली पाण्यावर पडू न देता. स्पिनर वरच्या अंगाला तिरपा टाका आणि पाण्यापेक्षा किंचित जास्त वेगानं ओढत आणा. पातं फिरायला लागलं की रॉडमधून हाताला मधमाशीच्या पंखासारखी थरथर जाणवते. थरथर थांबली तर वेग कमी पडतोय. एका जागी पाच-सहा फेकी झाल्या की पुढे सरका.

सस्क्वेहॅनावर ट्यूब टाकाल तेव्हा हाताला वेगळी भाषा ऐकायची आहे. तीही वरच्या अंगाला तिरपी टाका, रॉडचं टोक उंच ठेवा आणि प्रवाहाला तिला तळावरून घेऊन जाऊ द्या. टक… टक… असा दगडांचा स्पर्श थांबून थांबून यायला हवा. मुळीच येत नसेल तर आमिष हलकं आहे, तळाला पोचत नाहीये. दर फेकीला अडकत असेल तर जड आहे. जिगचं, म्हणजे शिशाच्या डोक्याच्या गळाचं, वजन तिथल्या तिथे बदला, ३ ग्रॅमवरून ५ वर, ५ वरून पुन्हा ३ वर. माझ्या मते नदीवरच्या बासमासेमारीतलं निम्मं कौशल्य या एका गोष्टीत आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही. टक टक चालू असताना मधेच काहीतरी मऊ, जड झालं, किंवा लाइन आडवी सरकली, तर हिसका द्या. तो दगड नव्हता. मासा लागला की उडी मारणारच. रॉड खाली, पाण्यालगत आडवा करा, म्हणजे उडी लहान होते.

हॅरिसबर्गपाशी सस्क्वेहॅना दीड किलोमीटरच्या आसपास रुंद आहे आणि बऱ्याच भागात इतकी उथळ, की तळाचे खडकांचे पट्टे आडव्या पायऱ्यांसारखे दिसतात. बडवाहची नर्मदा पाहिलेल्या माणसाला ती बघून परकं वाटणार नाही. या पायऱ्यांच्या खालच्या अंगाला बास. एवढ्या पाण्यात तो कसा ओळखायचा म्हणाल तर कांस्यासारखा रंग, अंगावर उभे गडद पट्टे, आणि जबडा डोळ्याच्या खालीच संपलेला. जबडा डोळ्याच्या मागे गेला असेल तर तो लार्जमाउथ. हा मासाही त्या नदीचा मूळचा नव्हे. शेजारच्या पोटोमॅक नदीत तो १८५४ साली रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून आणून सोडला होता, आणि सस्क्वेहॅनातही माणसांनीच आणला. तीर्थनचा ब्राउन ट्राउट आणि हा, दोघेही पाहुणे. तीर्थनमध्ये मूळचा आहे तो स्नो ट्राउट, आणि तो आता कमी होत चाललाय. गळाला स्नो ट्राउट लागला तर तो पाण्याबाहेर न काढताच सोडा.

थर्मामीटर घ्या. रॉडहूनही आधी घ्या म्हटलं तरी चालेल. ट्राउट थंड पाण्याचा. १० ते १६ अंश सेल्सिअसमध्ये तो खुशीत असतो. पाणी २० च्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी पडतो, आणि गळाशी झुंजून थकलेला ट्राउट सोडल्यावरही मरतो. २० दिसलं की सामान गुंडाळायचं, तिथे घासाघीस नाही. बासला १५ ते २४ बरं, १० च्या खाली तो सुस्तावतो. म्हणून नोव्हेंबरपासून त्याच ट्यूबनं, पण फार सावकाश. तीर्थनवर एप्रिल-मे मध्ये ऊन चढलं की बर्फ वितळून दुपारपर्यंत पाणी वाढतं, गढुळतं. पहाटेपासून दहा-अकरापर्यंतचा वेळ धरा. दुपारी बाबांना झोपू द्या.

हाताळण्याबद्दल मी आग्रहानं सांगतो, कारण त्यात माझ्या हातून एक चूक झाली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी तीर्थनवरच एक सुंदर ब्राउन ट्राउट लागला होता, पिवळ्या अंगावर लाल ठिपके, भोवती निळसर कडी. फोटोसाठी मी तो कोरड्या हातांनी धरला, गवतावर ठेवला, पुन्हा उचलला. सोडला तेव्हा तो दोन हात गेला आणि उताणा झाला. मी पाण्यात उतरून त्याला प्रवाहाकडे तोंड करून बराच वेळ धरून ठेवलं, पण त्याचे कल्ले हलायचे थांबले. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचं कातडं राखतो. कोरड्या हातानं तो पुसला जातो. हात आधी ओले करा, मासा शक्यतो पाण्यातच राहू द्या, आणि फोटो हवाच असेल तर बाबांनी मोबाइल तयार धरल्यावरच तो वर उचला. दहा सेकंद. बस.

पाण्यात उतरण्याबद्दल. इंदूरच्या माणसाला नर्मदेकाठचं धाराजी सांगायला नको. २००५ च्या एप्रिलमध्ये भूतडी अमावास्येच्या जत्रेला वरच्या धरणातून पाणी सुटलं आणि साठाहून अधिक माणसं गेली. २०१४ च्या जूनमध्ये हिमाचलात लारजी धरणाच्या पाण्यानं व्यास (बियास) नदीत २४ विद्यार्थी वाहून गेले. तीर्थन व्यासला मिळते ती लारजीपाशीच. तीर्थनवर स्वतःचं धरण नाही, पण संगमाकडच्या पट्ट्यात व्यासच्या पात्रात मुळीच उतरू नका, पाणी कितीही शांत दिसो. कुठेही पाणी अचानक गढुळलं, काड्या-पानं वाहत आली, की विचार न करता काठावर. बाबांना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ द्यायचं नाही आणि हातात भक्कम काठी. बूट रबरी तळव्यांचे, खिळे असलेले. लोकरी फेल्टच्या तळव्यांवर अमेरिकेत काही राज्यांत बंदी आहे, कारण त्यांतून शेवाळ आणि रोग एका नदीतून दुसरीत जातात. तीर्थनचे बूट तिकडे न्याल तर आधी धुऊन खडखडीत वाळवा. हॅरिसबर्गमध्ये डॉक स्ट्रीट डॅम म्हणून एक बुटका बंधारा आहे. दिसायला निरुपद्रवी, पण त्याच्या पायथ्याशी पाणी जागच्या जागी गोल फिरतं आणि सापडलेल्या माणसाला सोडत नाही. तिथे पुष्कळ जीव गेलेत. बोटीतून त्याच्या आसपासही जाऊ नका. १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल पेनसिल्व्हेनियात छोट्या बोटीत लाइफ जॅकेट अंगात घालणं कायद्यानं सक्तीचं आहे. तुम्ही ते ऑगस्टपासूनच घाला.

परवाने थोडक्यात. हिमाचलात ट्राउटचा हंगाम मार्च ते ऑक्टोबर. परवाना मत्स्यविभागाकडून, दिवसाचा, दर रॉडला वेगळा, म्हणजे तुमचा एक आणि बाबांचा एक. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. पेनसिल्व्हेनियात १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला लायसन्स लागतं आणि ट्राउटसाठी वर वेगळा परमिट. नियमांचं पुस्तक मिळवून ठेवा. नदीच्या पट्ट्यागणिक नियम बदलतात, म्हणून जिथे जाणार तेवढी पानं आदल्या रात्री वाचून ठेवा. विमानात गळ आणि पक्कड चेक-इन सामानात.

आता ती जागा. हॅरिसबर्गपासून अर्ध्या-पाऊण तासावर बॉइलिंग स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. नाव उकळत्या झऱ्यांचं, पण पाणी गार. चुनखडीच्या जमिनीतून ते बुडबुडत वर येतं आणि ऐन उन्हाळ्यातही थंड राहतं. ते यलो ब्रीचेस नावाच्या ओढ्याला मिळतं. सस्क्वेहॅना ऑगस्टमध्ये कोमट झालेली असते तेव्हाही त्या झऱ्याखालच्या पाण्यात ट्राउट टवटवीत असतात. तिथल्या एका पट्ट्यात फक्त कृत्रिम आमिष चालतं आणि मासा पकडून सोडायचाच असतो. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिन्हीसांजेला तिथे पांढऱ्या मेफ्लायचे थवे उठतात, दिव्याखाली पावसाळी किडे जमावेत तसे पाण्यावर, आणि ट्राउट वर येऊन त्यांना टिपतात. त्या संध्याकाळी स्पिनर कुचकामी. म्हणून एप्रिलमध्ये तीर्थनवर रोज तासभर बाबांची टेन्कारा काठी मागून घ्या आणि त्यांच्याकडून शिका. बाबांची हरकत नसेल तर ती काठी ऑगस्टमध्ये बरोबरच न्या. सुटकेसमध्ये कपड्यांच्या घडीत मावते.

सराव मात्र आत्तापासून हवा. चिमणबाग मैदानावर सकाळी, पोह्यांच्या आधी, गळ न लावता ५ ग्रॅमचं शिसं बांधून फेकत जा. वीस पावलांवर सायकलचा जुना टायर ठेवा. दहातल्या सात फेकी टायरात पडू लागल्या की चोरलला जा. आपल्याकडे १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, तेव्हा हे त्याआधीच आटपा. आणि तिथे स्पिनरला महाशीर लागला, ज्याला नर्मदेकाठी बाडस म्हणतात, तर हात ओले करून लगेच सोडा. २०११ पासून तो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे आणि नर्मदेत आता फार थोडा उरलाय.

टेन्कारा काठीच्या टोकाला विणलेल्या दोऱ्याचा छोटा शेपटा असतो, त्याला दोर बांधायची. ती गाठ व्हिडिओत शोधत बसू नका. काठी बाबांच्या हातात द्या. बांबूच्या शेंड्याला ते इतकी वर्षं जी सरकती गाठ मारत आले, जवळपास तीच आहे.